हवालदार

अंगावर तीन काळे पट्टे, म्हणून नाव हवालदार.
लांबी माझ्या अंगठ्याएवढी.
हद्द: डाव्या कोपऱ्यातल्या फिल्टरपासून
उजवीकडच्या हीटरपर्यंत, म्हणजे सगळंच.

डर्बीहून समुद्र कुठल्याही दिशेला दूर.
मी यवतमाळचा; तेविसाव्या वर्षापर्यंत
खारं पाणी म्हणजे घरामागची बिघडलेली बोअर.
आता दर रविवारी बादलीत
लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ विरघळवतो
आणि चमच्याने ढवळत उभा राहतो,
कुणाचा तरी समुद्र.

मार्चमध्ये फायरफिश आणला, अठरा पौंडांचा.
तीन दिवस तो खडकामागे थांबला,
बँकेत टोकन घेऊन बसलेल्या माणसासारखा.
चौथ्या दिवशी सापडला सोफ्यामागे,
गालिच्यावर,
वाळत घातलेली मिरची.
झाकणाला वायरीपुरती फट होती.
तेवढी त्याला पुरली.

मग क्लाउनफिशची जोडी. आठवड्यात दोन्ही शेपट्या कातरलेल्या.

दुकानातला कीथ म्हणाला, आरसा लाव.
माझा दाढीचा आरसा काचेला बाहेरून चिकटवला.
दोन दिवस हवालदार जेवण सोडून
स्वतःशी भांडला.
मी अंदाजाने दाढी केली, हनुवटी कापली.
तिसऱ्या दिवशी त्याला कळलं
की समोरचा नुसत्या धमक्या देतो.

कीथ म्हणाला, खडक हलव,
म्हणजे सगळेच एकदम परके होतील.
बाही कोपराच्या वर गुंडाळून तासभर
डोंगर इकडचे तिकडे केले.
तो मनगटाला चावत राहिला. दुखलं नाही,
पण इतकं मनापासून
कुणी अंगावर आलं नव्हतं बऱ्याच वर्षांत.
संध्याकाळी नव्या नकाशावर जुनीच हद्द.

मग कोठडी. तांदूळ धुवायची प्लास्टिकची चाळणी
पाण्यात टांगली, तो आत. आठ दिवस
भोकाभोकातून पहारा.
सुटला, आणि थेट ड्यूटीवर हजर.

आईला फोनवर सांगितलं.
"मासोई हाय ना थे?
भाजून खाय ना मंग."

शेवटी बाटली कापली, तोंड उलटं बसवलं,
आत झिंग्याचा तुकडा.
चौथ्या दिवशी शिरला. तुकड्याला शिवलाही नाही;
आत गेला तो एवढंच बघायला
की आपल्या हद्दीत हे बांधकाम कुणाचं.

बादली सुनीतीच्या पायांत.
पेंटागॉनच्या चौकात गाड्या तुंबलेल्या.
झाकण जरा उचलून ती म्हणाली,
"हा आपला पहिला ना रे?"

पहिला.
तेव्हा टाकीत दुसरं कुणी नव्हतं.
खडक कच्चे, पाण्यात अमोनिया.
कीथच म्हणाला होता, तीन पौंडांचा एक सोड,
चिवट जात असते,
जगला तर समज पाणी तयार.
सहा आठवडे त्या विषात तो एकटा
फेऱ्या घालत होता.
मी रोज कागदी पट्टी बुडवून रंग बघायचो,
पाण्याचा.
त्याच्याकडे बघितल्याचं आठवत नाही.

सिग्नल हिरवा झालेला मला कळला नाही.
सुनीतीने सांगितलं.

कीथने त्याला मोठ्या टाकीत सोडलं.
तिथे त्याच्याच जातीचे सात, थोराड.
तो पाइपमागे गेला. पट्टे विटकरी, मग राखी.
कीथ बदल्यात काय हवं विचारत होता,
एक छानसा गोबी आहे म्हणाला, गरीब स्वभावाचा.
मी आज नको म्हणालो.

बाहेर गाडी चालूच होती.
मी काचेवर बोट टेकवलं.
बराच वेळ काही नाही.
मग आला,
पाइपमागून सरळ, पूर्ण वेगात, सात जणांमधून,
आणि बोट होतं तिथे
काचेला चावला.